गरम हवेची वाट

शालिग्रामने कपडे वाळवायच्या यंत्राचं गोल दार उघडून हात आत घातला आणि तो तसाच राहिला. चादर गार होती. ओली तर होतीच, पण ओलेपण त्याच्या नंतर लक्षात आलं. आधी जाणवला तो गारवा, विहिरीतून नुकत्याच काढलेल्या दोरासारखा. सव्वा तास ड्रम फिरत होता. सव्वा तास तो पलीकडच्या खोलीत अनुसयाच्या पायांना तेल लावत त्या फिरण्याचा आवाज ऐकत होता, आणि आवाज चालू आहे म्हणजे काम चालू आहे असं धरून चालला होता. त्याने चादर बाहेर ओढली. तिच्यामागून दुसरी आली, मग अनुसयाचे दोन गाऊन, सगळं एकात एक गुंतलेलं, पिळल्यासारखं, गार. खिडकीबाहेर अकरा दिवसांची झड होती. समोरच्या इमारतीच्या प्रत्येक गॅलरीत कपडे लोंबत होते आणि ते वाळण्यासाठी टांगलेत की भिजण्यासाठी, हे सांगता आलं नसतं. गल्लीच्या टोकाच्या शेडमधून यंत्रमागांची खटखट येत होती. सुरतेत, उधन्याच्या या बाजूला ती थांबली तरच माणसं मान वर करून बघत. शालिग्राम ती गार चादर छातीशी धरून उभा राहिला. सदरा पुढून भिजत गेला, तरी ती खाली कुठे ठेवायची ते त्याला सुचेना.

आतल्या खोलीत अनुसयाच्या अंगाखाली होती ती शेवटची कोरडी चादर. माघात एका सकाळी ती चहाचं आधण ठेवता ठेवता ओट्याला टेकली आणि टेकलेलीच राहिली. उजवं अंग गेलं, वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणताना डॉक्टरांनी शालिग्रामला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "मास्तर, औषधं मी लिहून देतो, पण खरं औषध म्हणजे कोरडी पाठ. पाठ ओली राहिली की कातडी जाते. आणि त्यांच्याशी बोलत राहा. नावाने हाक मारा." नावाने हाक मारायची म्हटल्यावर तो अडखळला होता. छत्तीस वर्षं 'अगं' म्हणण्यावर भागलं होतं. दवाखान्याच्या त्या हिरव्या पडद्याआड त्याने पहिल्यांदा "अनुसया" म्हटलं तेव्हा ते आपण हजेरी घेतोय तसं निघालं. पाठ मात्र त्याने सांभाळली. दिवसाला चार चादरी, पाच चादरी. रुक्मिणीबाई सकाळी डिंडोलीहून येऊन अंग पुसून, कपडे धुऊन जायची. वाळवायचं काम या यंत्राचं. गेल्या आठवड्यात माकडहाडापाशी सुपारीएवढी जागा लाल झाली होती. रुक्मिणीबाईने ती दाखवली तेव्हा तो बघून लगेच खिडकीकडे वळला होता.

यंत्र मस्कतचं. जावयाची नोकरी संपली, मुलीने, अमृताने, कॅनडाला जाताना तिथलं सगळं सामान वाटून टाकलं आणि कुणालाच नको असलेलं हे धूड आईकडे पाठवलं. धुवायचं नाही, पिळायचं नाही, फक्त गरम हवेने कपडे सुकवायचे, हे ऐकून शालिग्राम हसला होता. वर सूर्य फुकट असताना! वर्गात सांगावा तसा त्याने तो विनोद शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगितला. अनुसयाने न्हाणीघराबाहेरच्या बोळात त्याला जागा केली, खिडकीची एक काच काढून त्याची वळ्यावळ्यांची नळी बाहेर सोडली, आणि तो शाळेतून यायच्या आत कपडे घड्या होऊन कपाटात गेलेले असत. दोन पावसाळे असे गेले. तिसऱ्या पावसाळ्यापूर्वी तो निवृत्त झाला आणि ती आडवी झाली. मराठी शाळेत तीस वर्षं त्याने विज्ञान शिकवलं होतं; वीज, चुंबक, उष्णतेचं वहन. घरातला पंखा बिघडला तर मात्र वायरमन यायचा. आपण शिकवतो ते आणि घरात चालतं ते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं त्याने कधी मनाशी म्हटलं नव्हतं, पण त्याचं जगणं त्यावरच बेतलेलं होतं.

आज वायरमन बोलवायचा नाही असं त्याने का ठरवलं, ते त्याला धड कळलं नाही. रुक्मिणीबाई गेली होती, बाहेर पाणी तुंबलं होतं, हे एक. पण गेल्या पाच महिन्यांत त्याने हात लावला आणि बरं झालं असं काहीच घडलं नव्हतं, हेही असेल. त्याने पिन काढली, यंत्र भिंतीपासून पुढे ओढलं, मागचा पत्रा उघडला. मग माळ्यावरून एक होल्डर काढला, बल्ब लावला, दोन वायरी सोडल्या. सिरीजचा दिवा. आठवीच्या वर्गात दरवर्षी तो हाच दिवा टेबलावर मांडायचा आणि म्हणायचा, वाट सलग असेल तर दिवा लागेल. तुटली असेल तर लागणार नाही. दिवा खोटं बोलत नाही. ड्रम फिरतो आहे, म्हणजे मोटर ठीक. गरम होत नाही, म्हणजे तापणाऱ्या तारेच्या वाटेवर कुठेतरी तुटलं आहे. त्याने तारेच्या दोन टोकांना वायरी टेकवल्या. बल्ब लागला. बोळातल्या अंधारात तो पिवळा उजेड पडला. इतकं साधं, इतकं बरोबर उत्तर त्याला कित्येक दिवसांत मिळालं नव्हतं. "अनुसया," तो मोठ्याने म्हणाला, "तार शाबूत आहे गं!" आतून उत्तर येणार नव्हतं. तो पुढे सरकला. उष्णता राखणारी गोल चकती, दिवा लागला. तिच्यावरती शर्टाच्या बटणाएवढा एक काळा तुकडा होता. तिथे वायरी टेकवल्या. अंधार. पुन्हा टेकवल्या. अंधार. प्रमाणाबाहेर तापलं तर वाट तोडून टाकायची, एवढंच त्या तुकड्याचं काम होतं, आणि ते त्याने केलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो तुकडा रुमालात बांधून तो स्टेशनजवळच्या भाईदासच्या दुकानात गेला. भाईदासने चष्मा कपाळावर चढवून तुकडा उलटापालटा केला. "मास्तर, आवी वस्तु अहीं नथी मळती. मुंबईला सांगावं लागेल. पावसात पार्सल केव्हा येईल, भगवान जाणे."

"तोवर?"

"तोवर शुं? डायरेक्ट करी नाखो ने. एक वायरचा तुकडा. मशीन चालू."

शालिग्राम हसल्यासारखं करून बाहेर पडला. फ्यूजच्या जागी जाड तार घालणाऱ्या माणसाला काय म्हणतात, असा प्रश्न तो वर्गात विचारायचा, आणि मागच्या बाकावरून 'मूर्ख' असं ठरलेलं उत्तर आलं की सगळा वर्ग हसायचा. रिक्षात बसल्यावर त्याला ते हसू ऐकू आलं. घरी आला तेव्हा रुक्मिणीबाई चुलीवर, म्हणजे गॅसच्या शेगडीवर तवा उपडा घालून त्यावर चादरीचा एकेक पदर धरून वाळवत होती. तिच्या चेहऱ्यावर घाम होता आणि घरभर कुबट वाफ. "मास्तर, पाठीची जागा फुटली," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "सकाळी कापडाला लागलं." त्याने आत जाऊन पाहिलं नाही. तो सरळ बोळात गेला आणि बोटभर वायर सोलून त्याने तुटलेली वाट जोडून टाकली. बटण फिरवलं. थोड्या वेळाने दारावर तळहात ठेवला तर काच कोमट झाली होती.

दोन दिवस चादरी वाळत राहिल्या. वेळ लागायचा. पण वेळ तर फाल्गुनापासूनच वाढत चालला होता; आधी चाळीस मिनिटं, मग तास, मग सव्वा तास. त्याने ते यंत्राच्या वयावर ढकललं होतं. माणसं थकतात, यंत्रंही थकतात. असल्या वाक्यांवर तो अलीकडे बरंच भागवत असे.

गुरुवारी दुपारी त्याने दोन चादरी आत टाकल्या, अनुसयाला भाताची पेज भरवली, तोंड पुसलं आणि दार ओढून घेऊन जिन्यात आला. हे त्याचं रोजचं होतं, आणि कुणाला माहीत नव्हतं. अर्ध्या जिन्यात एक जाळीची खिडकी होती, तिच्याखालच्या पायरीवर तो दहा मिनिटं बसत असे. तिथे बसून तो काही करत नसे. तिथे तिचा श्वास ऐकू येत नसे, एवढंच. घरात कुठेही गेलं तरी तो श्वास यायचा, मध्येच अडणारा, मग ओढ घेऊन सुरू होणारा, आणि अडला की शालिग्रामचाही अडायचा. पायरीवर बसून तो खाली गल्लीतलं पाणी बघत होता. रंगाच्या कारखान्याकडून वाहत आलेलं, आज जांभळट. लहानपणी यावलला आजोबांच्या मळ्यात पाटाचं पाणी असं वळताना बघत बसायला त्याला आवडायचं. तेव्हा वास आला. सुती सदऱ्यावर इस्त्री क्षणभर जास्त राहिली की येतो तसा. तो वास कशाचा, हे त्याला तत्काळ कळलं. कोणता तुकडा, कोणती वायर, कुणी जोडलेली, सगळं एका ओळीत डोळ्यांपुढे आलं. आणि तो उठला नाही.

किती वेळ, हे त्याने नंतर पुष्कळदा आठवून पाहिलं. पाण्यावरून एक चप्पल वाहत येत होती. ती विजेच्या खांबापासून पानाच्या टपरीपर्यंत गेली, तेवढा वेळ. त्या वेळात त्याच्या मनात कसलाही दुष्ट विचार आला नाही. आला असता तर बरं झालं असतं, असं त्याला पुढे वाटायचं. विचाराशी भांडता आलं असतं. होती ती फक्त शांतता. खांद्यावरून कुणीतरी जू उतरवून ठेवावं, तशी. मान हलकी झाली. मागांची खटखट लांब गेली. चप्पल टपरीच्या फळीला अडकून गोल फिरली आणि त्या फिरण्याबरोबर तो उठला, पायऱ्या चढला, एका पायरीवर गुडघा आपटला, दार ढकललं.

बोळ धुराने भरला होता. त्याने वायर धरून पिन उपटली. यंत्राच्या पाठीमागे, पत्र्याच्या फटीत, नारिंगी रेघ हलत होती. न्हाणीघरातली घोंगडी बादलीत बुचकळून त्याने मागच्या बाजूला कोंबली, वरून बादली ओतली, पुन्हा भरली, पुन्हा ओतली. फसफस झाली, काळं पाणी पायांवरून वाहिलं. रेघ विझली. मग तो आतल्या खोलीत गेला. धूर छताखाली पातळ ढगासारखा थांबला होता. अनुसया जागी होती. तिचे डोळे दाराकडे होते, म्हणजे त्याच्याकडे होते, आणि त्यांत भीती नव्हती. तिच्या डाव्या हाताशी, खाटेच्या कडेला, देवघरातली पितळी घंटी होती. काही लागलं तर वाजवायची म्हणून, माघात आईला बघून गेलेल्या अमृताने ठेवलेली. ती पाण्यासाठी वाजवायची, माशी बसली तरी वाजवायची. शालिग्रामने खिडक्या उघडल्या, तिला टेकवून बसवलं, पाठीवरून हात फिरवत राहिला. "झालं, झालं," तो म्हणत होता. "काही नाही. विझलं." ती खोकली.

रविवारी रुक्मिणीबाई आपल्या दिराला घेऊन आली. निंबा सचिन औद्योगिक वसाहतीतल्या एका प्रोसेस हाऊसमध्ये, कापड रंगवायच्या कारखान्यात, वायरमन होता. कापड वाळवायच्या, खोलीएवढ्या मोठ्या यंत्रांवर त्याची पाळी असे. चाळिशीचा, सडसडीत, बोलताना समोरच्याकडे न बघणारा. "निंबा, हाई देख जरा," रुक्मिणीबाई म्हणाली. "देखस ना वहिनी," म्हणत त्याने पत्रा काढला आणि उकिडवा बसून थोडा वेळ नुसता बघत राहिला. मग जळक्या वायरीचा तुकडा दोन बोटांत धरून वर केला.

"हे डायरेक्ट कोणी केलं?"

भाईदासचं नाव शालिग्रामच्या जिभेवर आलं होतं. "मी," तो म्हणाला.

"मास्तर ना तुम्ही?"

"हो."

निंबाने पंख्याचं घर उघडलं, मागची नळी सोडवली, आत कोपरापर्यंत हात घातला आणि ओढलं. करडा, मऊ, गादीतल्या कापसासारखा लगदा बाहेर आला. पुन्हा हात घातला. पुन्हा आला. "रुई," तो म्हणाला. "कपड्याची झडलेली रुई. हवेला जायला वाटच नाही. गरम हवा आतल्या आत फिरते, तापते, म्हणून तो तुकडा उडाला. त्याने बिचाऱ्याने सांगितलं, बंद करा. तुम्ही त्याचंच तोंड बांधलं." मग दाराच्या खालच्या कडेला त्याने नख घातलं आणि शालिग्राम इतके दिवस चौकटीचा भाग समजत होता ती पट्टी वर ओढली. आयताकृती जाळी निघाली. जाळी कसली, अंगठ्याएवढ्या जाडीचं घोंगडंच. "ही दर वेळी साफ करायची असते. आमच्याकडे दर पाळीला करतात. नाही केली तर... आमच्या खात्यात दोन वर्षांपूर्वी एक माणूस गेला." तो पहिल्यांदा शालिग्रामकडे बघत म्हणाला, "इथं कोण करायचं?"

शालिग्रामने आतल्या खोलीकडे पाहिलं. निंबाने मान हलवली आणि पुन्हा कामाला लागला.

रुई वर्तमानपत्रावर साठत गेली. शालिग्राम तिच्यापाशी खाली बसला. वरचा थर पांढरा, पाच महिन्यांच्या चादरींचा. त्याच्याखाली, नळीच्या अगदी आतून आलेल्या, जाळीतून निसटून चिकटून राहिलेल्या पातळ थरांत रंग होते. मोरपंखी. ती काम करायची त्या अंगणवाडीच्या समारंभाला नेसायची साडी. विटकरी, ती रोजची. त्याच्या मोज्यांचा करडा. मध्येच कुठे पिवळं, ते त्याला ओळखता येईना. दोन पावसाळे रोज, तो घरी यायच्या आत, ती या जाळीपाशी वाकत असली पाहिजे. कपडे धुणं, वाळवणं, घड्या घालणं त्याला माहीत होतं. त्यांच्या मधल्या कामाला नाव नव्हतं, म्हणून ते काम नव्हतंच. आणि एकदम त्याला आठवलं: चैत्रात, वैशाखात, यंत्र सुरू झालं की ती डावा हात उचलून बोळाकडे करायची, घशातून आवाज काढायची, कपाळावर आठ्या आणून. त्याने एकदा लघवीचं भांडं दिलं होतं. एकदा पंखा वाढवला होता. एकदा, दमलेला असताना, तिचा हात धरून खाटेवर दाबून ठेवला होता, "पुरे आता," म्हणत. तिने नंतर हात उचलणं सोडून दिलं. शालिग्रामने मोरपंखी पुंजका उचलला. त्याला वजन नव्हतं. श्वास लागला तसा तो बोटांवर हलला.

नवा तुकडा निंबाने पुढच्या रविवारी कुठूनसा आणला. त्याच मापाचा, त्याच अंशांवर तुटणारा. वायरी बदलल्या, नळी धुऊन बसवली. पहिली चादर चाळीस मिनिटांत वाळली. रुक्मिणीबाईने ती गालाला लावून पाहिली आणि आत नेली. निंबा चहा पिऊन निघाला तेव्हा शालिग्रामने त्याला दारापर्यंत सोडलं आणि तिथे उगीच त्याचा हात हातात घेतला. निंबाला अवघडल्यासारखं झालं. "येतो मास्तर," तो म्हणाला.

रुक्मिणीबाईही गेल्यावर शालिग्राम खाटेशेजारी स्टूल ओढून बसला. पाऊस उघडला होता. संध्याकाळचा मळकट उजेड समोरच्या गॅलऱ्यांवर आला होता आणि कुठेतरी रेडिओवर गुजराती बातम्या लागल्या होत्या. पाठीची जागा सुकत होती, सकाळी त्याने स्वतः औषध लावलं होतं. पाच महिन्यांत पहिल्यांदा त्याने तिच्या पाठीकडे नीट पाहिलं होतं. आता बोलायचं असं तो आठवडाभर ठरवत होता. वर्गात तो सलग पाऊण तास बोलायचा.

"अनुसया," तो म्हणाला. "त्या दिवशी मी जिन्यात होतो. मला वास आला होता." तिचे डोळे त्याच्यावर होते. "मी लगेच आलो नाही. कळलं होतं, तरी बसून राहिलो."

ती बघत राहिली. त्याला वाटलं ती मान फिरवेल, तिला तेवढं येत होतं. तिने फिरवली नाही. तिच्या तोंडाचा डावा कोपरा हलला, थांबला, पुन्हा हलला. घशातून काहीतरी वर येत होतं, अडत होतं, ती पुन्हा खालून आणत होती. कपाळाची शीर फुगली. शालिग्राम पुढे वाकला. "राहू दे," तो म्हणणार होता, पण म्हणाला नाही.

"मी," ती म्हणाली. खूप वेळ गेला. "मी... बी."

आधी त्याला वाटलं ती काही मागते आहे. मग त्याची नजर तिच्या डाव्या हाताकडे गेली, त्या हाताजवळच्या पितळेकडे, आणि त्याला समजलं. धूर दारातून आत येताना तिने पाहिला होता. घंटी चार बोटांवर होती. दोघांच्या मध्ये एक भिंत आणि अर्धा जिना, आणि तो पाण्याकडे बघत, ती छताकडे बघत, दोघंही गप्प राहिले होते. त्याचे कान तापले. तो तिच्यावर रागावला, खरोखर रागावला, जसा ती धडधाकट असताना कधीमधी रागवायचा. "तू असं कसं केलंस गं?" तो म्हणाला, आणि स्वतःचा आवाज ऐकून त्याचं तोंड वेडंवाकडं झालं. त्याने दोन्ही हातांनी चेहरा झाकला. खाट हलायला लागली तेव्हा त्याला कळलं, की आपलं कपाळ खाटेच्या दांडीवर टेकलं आहे आणि हलतो आहोत ते आपण. थोड्या वेळाने तिचा डावा हात त्याच्या डोक्यावर आला. तो कुरवाळत नव्हता. नुसता ठेवलेला होता, जड, कोमट.

बातम्या संपून भजन लागलं. शालिग्रामने नाक पुसलं, उठून उभा राहिला, खाटेच्या पलीकडे जाऊन तिच्या खांद्याखाली आणि कमरेखाली हात घातले. तिला दर दोन तासांनी वळवायचं असे, एकदा भिंतीकडे, एकदा दाराकडे. तो घड्याळ बघून वळवत असे. आता तो हात घालून तसाच थांबला.

"कोणत्या बाजूला वळवू?" त्याने विचारलं.

तिने खिडकीकडे पाहिलं. तिकडे वळवायचं तर सगळी खाट फिरवावी लागणार होती. त्याने धोतराचा सोगा खोचला आणि खाटेचा पाय उचलला.